नाट्यगृहाची प्रतिकृती करणारा विद्यार्थी : कै. धुंडिराज गोविंद फाळके

कोणतीही मोठी वास्तू जमिनीवर उभी राहण्यापूर्वी कोणाच्या तरी मनात उभी राहिलेली असते. परंतु मनातील वास्तू दुसऱ्यास दिसत नाही. जो द्रव्य देणार, जो दगड घडविणार, जो तुळई चढविणार, त्या सर्वांस ती दिसल्यावाचून कामास हात लागत नाही. ह्या अडचणीवर मनुष्याने फार प्राचीन काळीच एक उपाय शोधून काढला. तो म्हणजे व्हावयाच्या वस्तूची ठराविक प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती. हिलाच कोणी नमुना म्हणतात, कोणी मॉडेल म्हणतात. आपल्या महाराष्ट्रात असे एक पुरुष होऊन गेले की, ज्यांनी विद्यार्थिदशेत एका नाट्यगृहाची प्रतिकृती करून सुवर्णपदक मिळविले आणि पुढे निरनिराळ्या रूपांनी जन्मभर प्रतिकृतीच केल्या. हिंदी चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून त्यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. ते जनक कसे झाले, हे समजून घेण्यास त्या लहानशा नाट्यगृहापासून आरंभ करणे बरे.

धुंडिराज गोविंद फाळके ह्यांचा जन्म ता. ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर क्षेत्री झाला. त्यांचे वडील गोविंद सदाशिव फाळके ह्यांस लोक दाजीशास्त्री म्हणून ओळखीत. ते संस्कृत विद्येचे व्युत्पन्न पंडित होते, आणि अशा घरातील मुलाने पोथी व पूजा ह्यांच्याच वाटेने जावे, अशी त्या काळची साहजिक अपेक्षा असे. परंतु दाजीशास्त्र्यांस मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृतच्या अध्यापकाची जागा मिळाली. हे कॉलेज स्कॉटिश मिशनचे. रेव्हरंड जॉन विल्सन ह्यांनी १८३२ साली लावलेल्या रोपट्याचा तो वृक्ष. क्षेत्रातील एक शास्त्री मिशनच्या विद्यालयात शिकवावयास येतो, आणि त्या निमित्ताने त्याच्या मुलास मुंबईचे कलामंदिर खुले होते, असा हा योग जुळून आला. १८८५ साली धुंडिराजांनी सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत नाव घातले आणि तेथे चित्रकलेचा पहिला अभ्यासक्रम पुरा केला.

त्यांचे थोरले बंधू शिवरामपंत बडोद्यास असत. धुंडिराज त्यांच्याकडे गेले. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्या संस्थानात १८९० साली कलाभवन ही संस्था स्थापन झाली होती व रसायनशास्त्रज्ञ प्रो. त्रिभुवनदास गज्जर हे तिचे प्रमुख होते. कलाभवनाचा हेतू असा होता की, सुशिक्षित तरुणांनी लेखणीबरोबर हत्यारही हाती धरावे. येथे फाळके ह्यांनी तैलरंग व जलरंग ह्यांचा अभ्यास केला, वास्तुविद्या शिकली, मातीचे व साच्याचे काम आत्मसात केले, आणि छायाचित्रणाचा नाद लावून घेतला. ह्या सर्व शिक्षणाचे पहिले फळ १८९२ साली दिसले. त्या वर्षी अहमदाबादेस औद्योगिक प्रदर्शन भरले होते. त्यात फाळके ह्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली आणि तीस सुवर्णपदक मिळाले. ती पाहून एका चाहत्याने त्यांस एक मूल्यवान कॅमेरा भेट दिला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. एका बावीस वर्षांच्या तरुणास प्रतिकृतीने कॅमेरा मिळवून दिला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

येथे क्षणभर थांबून, प्रतिकृती म्हणजे काय आणि ती करणे हे मुलांचे खेळणे का नव्हे, ह्याचा विचार करू.

दिवाळीत पुण्या-नाशिककडील मुले मातीचा किल्ला करतात. त्यात बुरूज असतात, तळे असते, मावळेही असतात. परंतु मावळा दरवाजापेक्षा उंच असतो आणि तोफ बुरुजाहून मोठी असते. तो किल्ला सुंदर असला तरी त्यावरून खरा किल्ला बांधता येणार नाही, कारण त्यात प्रमाण पाळलेले नसते. वास्तुशिल्पज्ञाची प्रतिकृती प्रमाणास बांधलेली असते. समजा, १ इंच म्हणजे ४ फूट असे प्रमाण आपण धरले. मग ९६ फूट लांब व ४८ फूट रुंद असे नाट्यगृह २४ इंच लांब व १२ इंच रुंद होईल. ८ फुटी दरवाजा २ इंचांचा होईल आणि साडेपाच फूट उंचीचा प्रेक्षक १ इंच व ३ अष्टमांश इंचाचा होईल. एकदा हे प्रमाण ठरले की, करणाऱ्याच्या लहरीस जागा राहत नाही. खुर्ची चुकली तर वाट चुकते; वाट चुकली तर आग लागल्यास माणसे बाहेर कशी पडतील, हा हिशेबही चुकतो.

अशा प्रतिकृतीचे उपयोग तीन. पहिला म्हणजे, ज्यास नकाशा वाचता येत नाही अशा मनुष्यासही ती वास्तू दिसते. नकाशा समजावयास शिक्षण लागते. प्रतिकृती समजावयास डोळे पुरतात. दुसरा उपयोग, चूक स्वस्तात सापडते. शेवटच्या रांगेतील मनुष्यास रंगभूमीवरील नटाचे पाय दिसतील की नाहीत, हे पुठ्ठ्याच्या नाट्यगृहात एक दोरा ताणून कळते. खऱ्या नाट्यगृहात ते भिंती उठल्यावर कळते आणि मग भिंती पाडाव्या लागतात. तिसरा उपयोग कारागिरांसाठी. गवंडी, सुतार व लोहार ह्यांस एकच वस्तू समोर ठेवून काम वाटून देता येते. ज्या काळी फाळके हे काम शिकत होते, त्या काळी आपल्या नाटकमंडळ्या गावोगाव कापडी मांडवांत व तात्पुरत्या गृहांत खेळ करीत फिरत असत. किर्लोस्करांचे संगीत शाकुंतल १८८० साली रंगभूमीवर आले होते आणि लोकांची रुची वाढली होती. परंतु चांगली नाट्यगृहे विरळा होती. अशा वेळी एका विद्यार्थ्याने आदर्श नाट्यगृह कसे असावे हे लोकांपुढे मांडावे, ह्यात केवळ हस्तकौशल्य नव्हते. काळाची एक गरज त्याने ओळखली होती.

ही विद्या फार जुनी आहे. मिसर देशात सुमारे चार हजार वर्षांपूर्वी मेकेत्रे नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात लाकडाची रंगविलेली घरे, बाग व धान्याची कोठारे ठेविली होती. ती १९२० साली उत्खननात मिळाली. इटलीतील फ्लॉरेन्स नगरीच्या मुख्य देवळावर घुमट कसा चढवावा ह्याची स्पर्धा १४१८ साली जाहीर झाली, तेव्हा फिलिप्पो ब्रुनेलेस्की ह्याने विटांचा एक घुमट लहान प्रमाणात बांधून दाखविला आणि खालून लाकडाचा प्रचंड आधार न देताही घुमट चढू शकतो, हे पंचांच्या डोळ्यांपुढे सिद्ध केले. खरा घुमट १४३६ साली पुरा झाला. लंडनमध्ये १६६६ च्या अग्निप्रलयात सेंट पॉलचे देऊळ जळाले, तेव्हा सर ख्रिस्तोफर रेन ह्यांनी १६७३-७४ साली नव्या देवळाची सागवानासारख्या टणक अशा ओक लाकडाची सुमारे २० फूट लांबीची प्रतिकृती करविली. ती योजना धर्माधिकाऱ्यांस पसंत पडली नाही आणि रेन ह्यांस दुसरी आखावी लागली. म्हणजे प्रतिकृतीने नकारही स्वस्तात मिळतो! ती प्रतिकृती आजही त्या देवळात जपून ठेविलेली आहे.

परंतु प्रतिकृतीस एक मर्यादाही आहे, आणि ती गणिताची आहे. वर सांगितलेल्या प्रमाणात लांबी ४८ पट लहान होते. छेदाचे क्षेत्रफळ ४८ गुणिले ४८, म्हणजे २,३०४ पट लहान होते. परंतु घनफळ, आणि म्हणून वजन, १,१०,५९२ पट लहान होते. तुळईचे बळ तिच्या छेदावर अवलंबून. ओझे मात्र तिच्या घनफळावर. म्हणून लहान तुळई आपल्या स्वतःच्या वजनाच्या मानाने मोठ्या तुळईपेक्षा ४८ पट बळकट ठरते. जी प्रतिकृतीत सहज उभी राहते, तीच तंतोतंत मोठी केली असता आपल्याच भाराने मोडू शकते. हे सत्य गॅलिलिओने १६३८ साली आपल्या ग्रंथात मांडले. विद्यार्थ्यांनी ते लक्षात ठेवावे, कारण फाळके ह्यांच्या चरित्राच्या उत्तरार्धात ते पुन्हा भेटणार आहे.

आता चरित्राकडे वळू. सुवर्णपदक मिळाले म्हणून पोट भरत नाही. प्रो. गज्जर ह्यांनी फाळके ह्यांस रतलाम येथे रंगीत ठसे व छायाचित्रांवरून छपाई करण्याची विद्या शिकण्यास पाठविले. नंतर त्यांनी गुजरातेत गोध्रा येथे छायाचित्रणाचा धंदा मांडला. परंतु प्लेगची साथ आली आणि १९०० साली त्यांची पत्नी व मूल त्या साथीत गेली. दुःखाने ते बडोद्यास परतले. तेथे छायाचित्र काढून घेतल्याने आयुष्य घटते अशी लोकांची समजूत असल्याने धंदा चालेना. मग त्यांनी नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविले आणि एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकून प्रोफेसर केल्फा ह्या नावाने जादूचे प्रयोगही केले. केल्फा म्हणजे फाळके हेच नाव उलट्या क्रमाने! पडदा रंगविणारा हात आणि प्रेक्षकाची नजर फसविणारी युक्ती ही दोन्ही पुढे उपयोगी पडणार होती. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. ह्या पत्नी सरस्वतीबाई. त्यांच्यावाचून पुढील कथा घडली नसती.

१९०३ साली फाळके ह्यांस सरकारच्या पुराणवस्तुसंशोधन खात्यात छायाचित्रकार व नकाशानवीस अशी जागा मिळाली. ह्या नोकरीचे काम प्रतिकृतीच्या कामाच्या अगदी उलट. प्रतिकृती करणारा न झालेली वास्तू लहान करून दाखवितो. नकाशानवीस शेकडो वर्षांपूर्वी झालेल्या वास्तूस टेप लावून ती कागदावर लहान करतो. दोघांसही प्रमाण सोडता येत नाही. स्थिर पगाराची ही जागा. तथापि स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत त्यांनी ती सोडली आणि लोणावळ्यास छापखाना काढला. तो पुढे मुंबईत दादरास लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स ह्या नावाने चालला. राजा रविवर्मा ह्यांच्या चित्रांच्या छपाईशी त्यांचा संबंध आला. रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यास ते १९०९ साली जर्मनीस जाऊन आले. परंतु भागीदारांशी मतभेद झाले व त्यांनी छापखान्याशी असलेला संबंध तोडला. वय चाळिशीच्या पुढे गेलेले, घरात मुलेबाळे, आणि हातात उद्योग नाही. सर्वसाधारण मनुष्य अशा वेळी मिळेल ती नोकरी पत्करतो.

ह्याच सुमारास, १९११ च्या आसपास, मुंबईत गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी प्रभू येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील एक मूक चित्रपट पाहिला. पडद्यावर जन्म, चमत्कार, क्रूसावरील मरण व पुनरुत्थान हे प्रसंग सरकत असता, त्यांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ व अयोध्या ही दिसू लागली. आपल्या देशातील कथाही अशाच पडद्यावर येतील काय, ह्या एका प्रश्नाने त्यांस घेरले. एका धर्माची पवित्र कथा पाहून दुसऱ्या धर्मातील श्रद्धाळू मनुष्यास आपल्या कथेविषयी प्रेम उचंबळून यावे, ही घटना आपल्या शाळेतील निरनिराळ्या धर्मांच्या मुलांनी मनन करण्याजोगी आहे. फाळके ह्यांनी त्या चित्रपटाचा द्वेष केला नाही, त्याची थट्टा केली नाही; तो कसा केला हे शिकावयास ते बसले.

पुढील काही महिने त्यांनी जणू तप केले. मिळतील तितके चित्रपट पाहिले, यंत्रांचे सूचिग्रंथ मागविले, लहानसे यंत्र आणून घरी मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर चित्रे पाडून पाहिली. झोप अपुरी, डोळ्यांवर ताण सतत. शेवटी दृष्टीच गेली. वैद्यकीय उपचारांनी व चष्म्यांच्या साहाय्याने ती परत आली आणि ते पुन्हा त्याच कामास लागले. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी पैसा उभा केला व १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथे बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न व चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ ह्यांनी ह्या अनोळखी हिंदी गृहस्थास मोकळ्या मनाने साहाय्य केले. हेपवर्थ ह्यांच्या चित्रशाळेत त्यांनी सर्व कामे प्रत्यक्ष पाहिली. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, छिद्रे पाडण्याचे यंत्र व फिल्म ह्यांची खरेदी ठरवून ते एप्रिलमध्ये परतले.

आता कसोटीची वेळ आली. यंत्र आले, विद्या आली. परंतु एक पूर्ण चित्रपट करावयास लागणारा पैसा नव्हता. धनिक लोकांस चित्रपट म्हणजे काय हे शब्दांनी समजेना, आणि न समजलेल्या गोष्टीस कोण पैसा देणार? येथे कलाभवनातील जुना विद्यार्थी जागा झाला. वास्तुशिल्पज्ञ धनकोपुढे काय ठेवतो? प्रतिकृती! फाळके ह्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ त्या रोपाची क्रमाक्रमाने चित्रे घेतली. बी फुटते, अंकुर वर येतो, वेल चढू लागते, हे सर्व पडद्यावर एक मिनिटाहून थोड्या अधिक वेळात दिसे. ह्या चित्रपटाचे नाव अंकुराची वाढ.

ह्यातील मर्म असे. नाट्यगृहाच्या प्रतिकृतीत लांबीरुंदी लहान केलेली असते. येथे त्यांनी काळ लहान केला. ३० दिवसांची मिनिटे ४३,२०० होतात. ती सुमारे एका मिनिटात आणली, म्हणजे काळाचे प्रमाण सुमारे ४३,२०० स एक असे पडले. आणि जसे पुठ्ठ्याचे नाट्यगृह पाहून खरे नाट्यगृह डोळ्यांपुढे येते, तसे हा मिनिटभराचा चित्रपट पाहून पुढचा मोठा चित्रपट पाहणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आला. निवडक लोकांस तो दाखविल्यावर कर्ज देण्यास माणसे पुढे आली. उरलेली तूट सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी भरून निघाली. त्या बाईंनी दागिनेच दिले असे नव्हे. अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मला छिद्रे पाडली, चित्रणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडला आणि सर्व मंडळींचा स्वयंपाकही केला. फाळके ह्यांच्या नावाच्या पाठीशी हे दुसरे नाव आपण नेहमी ठेवावे.

चित्रपटासाठी विषय निवडला तो सत्यासाठी राज्य सोडणाऱ्या हरिश्चंद्राचा. दादरला मथुरा भवनात राजवाडा, रस्ता व स्मशान ह्यांचे देखावे उभे राहिले; त्यांचे पडदे व रचना फाळके ह्यांनी स्वतः केल्या. वनातील प्रसंगांसाठी मंडळी वांगणीस गेली. स्त्रीची भूमिका करावयास कोणी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे साळुंके तारामती झाले. हरिश्चंद्र झाले दाबके, आणि रोहिदास झाला फाळके ह्यांचाच मुलगा भालचंद्र. सहा महिने व सत्तावीस दिवस असे अहोरात्र श्रम करून ३,७०० फूट लांबीचा चित्रपट तयार झाला. तो ता. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला आणि लोकांनी तो उचलून धरला.

ह्या ३,७०० फुटांचा हिशेब करून पाहा. फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे बसतात. म्हणजे सुमारे ५९,२०० चित्रे झाली. प्रत्येक चित्र जेमतेम १ इंच रुंद. अयोध्येचा राजवाडा, राजा, राणी व सर्व दरबार ह्या अंगठ्याएवढ्या चौकटीत सामावलेला असे. मग यंत्रातील दिव्याने तो १५ फूट रुंदीच्या पडद्यावर १८० पट मोठा होई. वास्तूची प्रतिकृती मोठ्यास लहान करते. चित्रपट आधी लहान करतो आणि मग पुन्हा मोठे करतो. ज्याने तरुणपणी प्रमाण जाणले, त्यास ह्या नव्या कलेचे भय वाटले नाही, ह्याचे कारण हेच होय.

पुढे फाळके नाशिकास गेले. मोहिनी भस्मासूर, सत्यवान सावित्री असे चित्रपट झाले. १९१४ साली ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. १९१७ च्या लंकादहनाने लोकांस वेड लावले. त्याच सुमारास चित्रपट कसे तयार करतात हे दाखविणारा एक लहान चित्रपटही त्यांनी काढला, म्हणजे आपली विद्या झाकून न ठेवता लोकांपुढे उघडी केली. १९१८ साली भांडवलदारांच्या साहाय्याने हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली. श्रीकृष्णजन्म व कालियामर्दन हे चित्रपट तिच्याच काळातील. त्यांत त्यांची लहान कन्या मंदाकिनी कृष्ण झाली होती. एकोणीस वर्षांत सुमारे ९५ चित्रपट व २६ लहान चित्रपट त्यांनी केले, असा हिशेब सांगतात.

परंतु येथेच ते गॅलिलिओचे सत्य आडवे आले. राजा हरिश्चंद्र ही एका घराची कृती होती. लिहिणारा, रंगविणारा, कॅमेरा चालविणारा, फिल्म धुणारा एकच. स्वयंपाकघर व कारखाना एकाच छपराखाली. लहान प्रमाणावर ही तुळई बळकट होती. धंदा मोठा झाला, भागीदार आले, हिशेब आले, तेव्हा तीच रचना तशीच मोठी करून भार पेलेना. भागीदारांशी खटके उडाले. फाळके कंपनी सोडून काशीस जाऊन राहिले, तेथे त्यांनी रंगभूमी नावाचे नाटक लिहिले, आणि १९२२ साली पुन्हा परत आले. १९३१ साली बोलपट आला आणि चित्रपटास लागणारा पैसा व माणसे कित्येक पटींनी वाढली. १९३२ सालचा सेतुबंधन हा मूक चित्रपट असल्याने त्यास मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला गंगावतरण हा त्यांचा अखेरचा चित्रपट. त्यानंतरचे दिवस नाशिकास शांतपणे, परंतु हातास काम नसता गेले. ता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते तेथेच निवर्तले. तोपर्यंत ज्या धंद्याचा पहिला नमुना त्यांनी केला, त्यात हजारो माणसे पोट भरू लागली होती.

मरणोत्तर सन्मान पुष्कळ झाला. भारत सरकारने १९६९ सालापासून चित्रपटक्षेत्रातील श्रेष्ठ सेवेबद्दल त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला; मुंबईची चित्रनगरी त्यांच्या नावाने ओळखली जाते; नाशिकास पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. परंतु त्यांच्या अखेरच्या दिवसांकडे पाहून त्यांचे जीवन असफल झाले असे कोणी समजू नये. प्रतिकृती ही राहण्यासाठी केलेली नसते. तिच्यावरून दुसऱ्यांनी मोठे घर बांधावे ह्यासाठी ती केलेली असते. घर उभे राहिले म्हणजे तिचे काम झाले. फाळके ह्यांच्या बाबतीत घर उभे राहिले आहे, आणि त्याच्या छायेत त्यांच्यानंतरच्या कित्येक पिढ्या बसल्या आहेत.

पालकवर्गास एक विनंती करावीशी वाटते. पुष्कळ घरांत मूल पुठ्ठा कापू लागले, माती मळू लागले किंवा मोडके घड्याळ उघडून बसले, म्हणजे ते अभ्यास बुडविते असे समजून त्यास रागे भरतात. दाजीशास्त्र्यांच्या घरी पोथ्यांस कमी नव्हती. तरी मुलाने कुंचला व छिन्नी हाती धरली आणि त्यास कलाशाळेत धाडण्यात आले. त्या घराने मुलाचे हात बांधले असते, तर महाराष्ट्रास एक संस्कृत पंडित अधिक मिळाला असता, आणि एक कला कित्येक वर्षे उशिरा आली असती. हात चालतो तेव्हा बुद्धी थांबलेली नसते; किंबहुना पाऊण इंच म्हणजे नक्की किती, हे पुस्तकापेक्षा पुठ्ठा अधिक चांगले शिकवितो.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एक काम सांगतो. आपल्या वऱ्हाडात मोजण्याजोग्या वास्तूंची वाण नाही. अमरावतीच्या मुलांनी जुन्या परकोटाचा एखादा दरवाजा घ्यावा. अकोल्याच्या मुलांनी बाळापूरची मिर्झाराजे जयसिंगाची छत्री घ्यावी, किंवा सहलीस गेल्यास नरनाळ्याचा महाकाली दरवाजा पाहावा. टेप, वही व ओळंबा बरोबर न्यावा. खांब मोजावे, कमान मोजावी, पायरी मोजावी. मग १ इंचास ४ फूट ह्या प्रमाणाने पुठ्ठ्याची वा शाडूची प्रतिकृती करावी. हल्ली वास्तुशिल्पज्ञ संगणकाच्या पडद्यावर घरे रचतात, हे खरे. तरीही घर बांधून घेणाऱ्यापुढे ते आजही हातात धरता येईल अशी प्रतिकृती ठेवतात. काम करताना पहिल्या दिवशी माप जुळणार नाही. तिसऱ्या दिवशी कमान कोसळेल. ती पुन्हा बांधावी, कारण पुठ्ठ्याची कमान पुन्हा बांधावयास दोन आण्यांचा डिंक पुरत असे आणि आजही त्याहून फारसे काही लागत नाही. ज्या मुलाची कमान चौथ्या दिवशी उभी राहील, त्यास पदक मिळेलच असे नाही. परंतु आपल्या मनातील वस्तू दुसऱ्यास दिसेल अशी कशी करावी, ही विद्या त्याच्या हातात कायमची राहील. धुंडिराज फाळके ह्यांच्यापाशी आरंभी ह्या विद्येवाचून दुसरे भांडवल नव्हते.